तेलविहिरीच्या सिमेंटवर तापमान आणि दाब यांचा परिणाम: नव्या अभियंत्यांसाठी मार्गदर्शक

तेलविहिरीत ठरावीक खोलीपर्यंत खोदाई झाली की भोकात पोलादी नळ, म्हणजे केसिंग, सोडतात आणि केसिंगची बाहेरची बाजू व खडक यांच्यामधली अरुंद पोकळी, जिला रिगवर सगळेच ॲन्युलस म्हणतात, ती सिमेंट आणि पाण्याच्या पातळ मिश्रणाने, म्हणजे स्लरीने, भरतात. स्लरी केसिंगच्या आतून खाली ढकलली जाते, तळाशी वळते आणि बाहेरून वर चढते. या प्रवासात ती पातळच राहायला हवी आणि जागेवर पोचल्यावर मात्र लवकर घट्ट व्हायला हवी. या दोन्ही गोष्टी कधी घडतील हे मुख्यतः सिमेंट आणि पाणी यांच्यातील रासायनिक अभिक्रिया, म्हणजे हायड्रेशन, किती वेगाने चालते यावर ठरते, आणि तो वेग तापमान व दाब यांच्या हातात असतो.

१९७४ साली मुंबई हायमध्ये तेल सापडले तेव्हापासून उरण, पनवेल आणि समुद्रातले प्लॅटफॉर्म यांच्यामुळे महाराष्ट्रातल्या बऱ्याच तरुणांचा या कामाशी संबंध येतो. सिमेंटिंगच्या प्रयोगशाळेत किंवा रिगवर नव्याने रुजू झालेल्यांना डोळ्यांसमोर ठेवून हा लेख लिहिला आहे. नवखा माणूस बहुधा पहिला प्रश्न विचारतो, ‘विहिरीचे तापमान किती?’ या प्रश्नाला एका आकड्यात उत्तर मिळत नाही, आणि पुढच्या बहुतेक चुकांचे मूळ तो एकच आकडा गृहीत धरण्यात असते. म्हणून पुढील पायऱ्यांत आपण स्लरी जिथून जिथून जाते तिथले तापमान आणि दाब लिहून काढू आणि त्यांचा हायड्रेशनशी मेळ घालू.

पायरी पहिली: पोत्यातले सिमेंट ओळखा

तेलविहिरींसाठी जगभर सर्वाधिक वापरले जाते ते अमेरिकन पेट्रोलियम इन्स्टिट्यूटच्या (एपीआय) १०ए या मानकातले क्लास जी सिमेंट. भारतात तेलविहिरीच्या सिमेंटसाठी आयएस ८२२९ हे मानक आहे. क्लास जीमध्ये क्लिंकर (भट्टीत भाजून तयार झालेले सिमेंटचे खडे) आणि जिप्सम यांपलीकडे सहसा काही दळलेले नसते, त्याला वजनाच्या ४४ टक्के पाणी लागते आणि त्याच्या स्लरीची घनता पाण्याच्या सुमारे १.९ पट भरते.

क्लिंकरमध्ये चार मुख्य खनिजे असतात. ट्रायकॅल्शियम सिलिकेट हे सर्वांत जास्त प्रमाणात असते आणि पहिल्या काही दिवसांची ताकद तेच देते. सल्फेटला जास्त विरोध करणाऱ्या क्लास जीमध्ये ते ४८ ते ६५ टक्के असावे लागते. डायकॅल्शियम सिलिकेट सावकाश काम करते. ट्रायकॅल्शियम ॲल्युमिनेट पाण्याशी फार लवकर झोंबते, म्हणून या प्रकारात त्याची मर्यादा ३ टक्के ठेवली आहे, आणि जिप्सम घालतात तेही त्याला आवरण्यासाठीच. चौथे लोहयुक्त खनिज आपल्या हिशेबात फारसे महत्त्वाचे नाही.

सिमेंटबरोबर येणारे चाचणी प्रमाणपत्र नुसते फाइलला लावू नका, नीट वाचा. मानकानुसार ३८ अंश सेल्सिअसला आठ तासांत किमान २.१ मेगापास्कल ताकद यायला हवी आणि ६० अंशांना तेवढ्याच आठ तासांत १०.३ मेगापास्कल. म्हणजे सिमेंट तेच, पाणी तेच, वेळही तोच. पण केवळ २२ अंशांच्या फरकाने किमान अपेक्षा जवळजवळ पाचपट होते. स्लरी घट्ट होण्याचा काळ, म्हणजे थिकनिंग टाइम, मोजताना मानकाने ५२ अंश तापमान आणि ३५.६ मेगापास्कल दाब सांगितला आहे व तिथे तो ९० ते १२० मिनिटांत बसायला हवा. तापमानासोबत दाबही मुद्दाम नमूद केला आहे, हे लक्षात ठेवा.

पायरी दुसरी: हायड्रेशनचे टप्पे समजून घ्या

पाणी पडताच काही मिनिटे जोरदार अभिक्रिया होते आणि थोडी उष्णता बाहेर पडते. मग वेग एकदम मंदावतो आणि स्लरी बराच वेळ जवळजवळ स्वस्थ असते. हा सुप्त काळ म्हणजेच आपल्याला पंप करण्यासाठी मिळालेली मुदत. या काळात पाण्यात कॅल्शियमचे आयन साठत जातात, आणि ते पुरेसे झाले की ट्रायकॅल्शियम सिलिकेटपासून दोन पदार्थ वेगाने तयार होऊ लागतात. एक कॅल्शियम सिलिकेट हायड्रेट, जो कणांना एकमेकांशी जखडतो, आणि दुसरा कॅल्शियम हायड्रॉक्साइड. या वेगवान टप्प्यात स्लरी घट्ट होते, गरम होते आणि ताकद धरू लागते. पुढे कणांभोवती हायड्रेटचे थर जाड झाले की पाण्याला आत शिरायला वेळ लागतो, वेग पुन्हा उतरतो आणि उरलेले काम आठवडे-महिने चालू राहते.

तापमान हे सगळे टप्पे आखडते. दाबही ते आखडतो, पण कमी प्रमाणात. रिटार्डर, म्हणजे हायड्रेशन रोखून धरणारे रसायन, मात्र मुख्यतः सुप्त काळच लांबवतो. तो संपला की पुढच्या वेगावर त्याचा तेवढा अंमल राहत नाही. हा भेद पक्का डोक्यात बसला की स्लरीचा घट्टपणा मोजणाऱ्या कन्सिस्टोमीटर या यंत्राचा आलेख वाचणे सोपे होते.

पायरी तिसरी: तीन तापमाने आणि दोन दाब कागदावर मांडा

उदाहरणासाठी एक सरळ उभी विहीर घेऊ. खोली ३,००० मीटर, जमिनीवर ३० अंश, आणि दर १०० मीटरला तापमान ३.५ अंशांनी वाढते असे मानू. खंभातच्या खोऱ्यासारख्या उष्ण भागात इतकी वाढ अजिबात नवलाची नाही. केसिंग सात इंची, सिमेंट तळापासून वर, जमिनीखाली ६०० मीटर खोलीपर्यंत आणायचे आहे.

पहिले तापमान तळाचे स्थिर तापमान, ज्याला बीएचएसटी म्हणतात. ते ३० अधिक १०५, म्हणजे १३५ अंश. विहीर बराच वेळ शांत राहिल्यावर तळाचे सिमेंट याच तापमानात जगणार आहे.

दुसरे तळाचे अभिसरणातील तापमान, म्हणजे बीएचसीटी. पंपिंग चालू असताना वरून थंड मड (खोदाईचा चिखलद्रव) आणि स्लरी येत असल्यामुळे तळ थंडावतो. या खोलीला आणि या उतारासाठी एपीआयच्या तक्त्यांवरून ते ९० ते ९५ अंशांच्या आसपास येते. आपण ९३ धरू. थिकनिंग टाइमची चाचणी या तापमानाला करतात. तिरप्या विहिरी, खोल समुद्र किंवा पंपिंगचा असाधारण वेग असेल तर तक्त्यांवर विसंबू नये, तापमानाचे संगणकीय प्रारूप चालवून घ्यावे.

तिसरे, आणि सर्वांत दुर्लक्षित, सिमेंटच्या वरच्या टोकाचे स्थिर तापमान. ६०० मीटरवर ते ३० अधिक २१, म्हणजे ५१ अंश. ज्या स्लरीला ९३ अंशांवर तग धरण्यासाठी रिटार्डर घातला, तीच स्लरी तळाचा फेरा मारून शेवटी ५१ अंशांच्या जागी जाऊन बसणार आहे.

आता दाब. विहिरीतल्या मडची घनता १.२५ धरली तर ६०० मीटरवर सुमारे ७.४ मेगापास्कल दाब असतो. त्याखाली १,८०० मीटर १.५५ घनतेची, आधी पंप होणारी हलकी लीड स्लरी आणि शेवटचे ६०० मीटर १.९० घनतेची, तिच्या मागून येणारी टेल स्लरी असेल, तर तळाचा दाब सुमारे ४६ मेगापास्कल होतो. गणित सोपे आहे: घनता पाण्याच्या पटीत, गुणिले खोली मीटरमध्ये, गुणिले ०.००९८१, की उत्तर मेगापास्कलमध्ये मिळते.

या पाच आकड्यांशिवाय चाचणीला हात लावू नये. रिगकडून आलेल्या विनंतीपत्रात बहुधा त्यातले दोनच असतात, उरलेले मागून घ्यावे लागतात.

पायरी चौथी: तापमानाने वेग किती बदलतो ते काढा

रासायनिक अभिक्रियेचा वेग तापमानाबरोबर घातांकी वाढतो आणि त्यासाठी अऱ्हेनियसचे सूत्र वापरतात. पोर्टलँड सिमेंटच्या हायड्रेशनची सक्रियण ऊर्जा साधारण ३५ ते ४५ किलोज्यूल प्रति मोल या पट्ट्यात येते. ४० धरून हिशेब केला तर ३० वरून ४० अंशांवर जाताना वेग सुमारे १.६६ पट होतो, आणि ९३ वरून १०३ वर जाताना सुमारे १.४ पट. दर दहा अंशांना वेग दुप्पट होतो असा जो ठोकताळा सांगितला जातो, तो या आकड्यांत बसत नाही, आणि गरम विहिरीत तर तो आणखी फसवा ठरतो.

आपल्या उदाहरणात ५१ आणि ९३ अंशांमध्ये वेगाचा फरक सुमारे साडेपाच पट येतो. ५१ आणि १३५ यांच्यामध्ये तो वीसपटीच्या पुढे जातो, जरी एवढ्या लांब पल्ल्यावर एकच सक्रियण ऊर्जा धरणे ढोबळच आहे. तळाची स्लरी काही तासांत दगड होते तेव्हा वरच्या टोकाची स्लरी अजून कण्हत असते, त्याचे कारण हे.

हा हिशेब नुसत्या सिमेंट-पाण्याचा आहे. रिटार्डर घातला की परिस्थिती अधिक तीव्र होते, कारण त्याची पकड तापमानाबरोबर एकसारखी सुटत नाही. लिग्नोसल्फोनेट जातीचे रिटार्डर सुमारे १२० अंशांच्या अभिसरण तापमानापर्यंत कामाचे असतात, पुढे त्यांचा जोर ओसरतो आणि दुसरी रसायने किंवा जोडरसायने लागतात. थंड बाजूला नेमके उलटे होते: ९३ अंशांसाठी योग्य असलेली मात्रा ५१ अंशांना जास्त ठरते आणि वरचे सिमेंट दिवसच्या दिवस ओले राहू शकते. म्हणून मात्रा ठरवल्यावर अपेक्षित बीएचसीटीपेक्षा पाच अंश वर आणि पाच अंश खाली अशा दोन चाचण्या घ्याव्यात, असा माझा आग्रह असतो. त्या दोन निकालांत फार मोठी तफावत दिसली तर मात्रा बदलण्यापेक्षा रिटार्डरच बदलणे शहाणपणाचे, कारण विहिरीचे तापमान पाच अंशांपर्यंत अचूक कळण्याची खात्री क्वचितच असते.

आणखी एक गोष्ट. जास्त तापमानात ताकद लवकर येते, पण ती शेवटपर्यंत सर्वाधिक राहतेच असे नाही. घाईने तयार झालेले हायड्रेट कणांभोवती दाट कवचासारखे जमतात, मधल्या जागा मात्र मोठ्या व रिकाम्या राहतात. त्यामुळे मध्यम तापमानात सावकाश पिकलेले सिमेंट महिन्याभरात पुढे निघून गेलेले आढळते. सल्फेटच्या संयुगांतही फेरबदल होतात: थंडाव्यात तयार होणारे सुईसारखे एट्रिंजाइट साधारण ७० अंशांच्या पुढे टिकाव धरत नाही आणि मोनोसल्फेट उरते.

पायरी पाचवी: दाबाला बाजूला सारू नका

दाबाविषयी नवख्यांच्या मनात दोन टोकाच्या समजुती असतात. काहींना वाटते की द्रव आणि घन पदार्थ दाबले जात नाहीत, त्यामुळे दाबाने काही बिघडत नाही. काहींच्या डोळ्यांसमोर प्रेशर कुकर येतो. कुकरमध्ये दाबामुळे पाणी जास्त तापमानाला उकळते आणि शिजणे लवकर होते ते त्या वाढलेल्या तापमानामुळे. विहिरीत तापमान खडक ठरवतो, दाब स्लरी-मडचा स्तंभ ठरवतो, आणि दाब स्वतःच हायड्रेशनचा वेग वाढवतो.

कारण आकारमानात आहे. सिमेंट आणि पाणी यांचे मिळून जेवढे आकारमान असते त्यापेक्षा त्यांच्यापासून बनलेल्या हायड्रेटचे आकारमान कमी भरते. १०० ग्रॅम सिमेंटमागे ही रासायनिक घट काही मिलिलिटर असते. जी अभिक्रिया जागा कमी करते तिला दाब अनुकूल असतो, आणि खनिजे पाण्यात विरघळण्याची प्रवृत्तीही दाबाने वाढते. वेगाच्या सूत्रात हा परिणाम सक्रियण आकारमान या राशीने मांडतात. सिमेंटसाठी ती उणे असते आणि प्रयोगांवरून उणे ३० घनसेंटिमीटर प्रति मोलच्या आसपास धरता येते. उणे चिन्हाचा अर्थ एवढाच की दाब वाढला की वेग वाढतो.

आपल्या विहिरीच्या तळाशी ९३ अंश आणि ४६ मेगापास्कल धरले तर वातावरणीय दाबाच्या तुलनेत वेग सुमारे १.५७ पट येतो. हाच परिणाम तापमानाने साधायचा तर त्याच ठिकाणी बारा-तेरा अंश वाढवावे लागले असते. म्हणजे ९३ अंशांची चाचणी दाबाशिवाय उघड्या भांड्यात केली तर तुम्ही प्रत्यक्षात साधारण ८० अंशांच्या विहिरीचा वेग मोजत असता. हा आकडा पाहिल्यावर दाब दुय्यम आहे हे मान्य, पण नगण्य आहे असे कोणी म्हणू नये.

दुसरा परिणाम जास्त सूक्ष्म आहे. ताकदीच्या चाचण्या पुष्कळ प्रयोगशाळांत २०.७ मेगापास्कल दाबावर करण्याची रीत आहे. तळाचा खरा दाब ४६ असेल तर वेगात सुमारे सव्वापटीहून थोडा अधिक फरक राहतो, म्हणजे सुमारे सात अंशांएवढा. अशा वेळी चाचणी ताकद उशिरा दाखवते. ही चूक सुरक्षित बाजूची असल्यामुळे तिच्याकडे कानाडोळा केला जातो, आणि ताकद येण्याची वाट पाहण्यापुरते ते चालूनही जाते. थिकनिंग टाइमच्या बाबतीत मात्र कमी दाबाची चाचणी उलट्या, धोकादायक बाजूला चुकते, कारण ती पंपिंगची मुदत आहे त्यापेक्षा जास्त दाखवते.

दाबाने नेहमीच्या पल्ल्यात हायड्रेशनचे पदार्थ फारसे बदलत नाहीत, त्यांचा वेग बदलतो. तापमान मात्र दोन्ही बदलते. म्हणून एका गोष्टीची भरपाई दुसरीने करून घेण्याचा मोह, उदाहरणार्थ दाबाचे यंत्र बंद आहे म्हणून तापमान वाढवून चाचणी उरकणे, वेगाच्या ढोबळ अंदाजापलीकडे नेऊ नये.

पायरी सहावी: चाचणीला विहिरीचा प्रवास द्या

स्लरी मिसळण्यापासूनच काटेकोरपणा हवा. क्लास जीची प्रमाणित नुसती स्लरी म्हणजे ७९२ ग्रॅम सिमेंट आणि ३४९ ग्रॅम पाणी. ब्लेंडर मिनिटाला ४,००० फेऱ्यांवर ठेवून पंधरा सेकंदांत सगळी पूड आत जायला हवी, मग झाकण लावून १२,००० फेऱ्यांवर ३५ सेकंद. जास्त पूरके असलेली पूड पंधरा सेकंदांत आत जात नाही, पात्याभोवती भोवरा बंद पडतो आणि कडेला कोरडी रांग उरते. असे झाले तर प्रत्यक्ष लागलेला वेळ नोंदवून ठेवा, कारण रिगवरही हीच स्लरी मिसळायला त्रास देणार आहे. मिसळण्यापूर्वी पाणी आणि सिमेंट २३ अंशांच्या आसपास आणण्याचा मानकाचा दंडक आहे. मे महिन्यात मेहसाणा किंवा अंकलेश्वरच्या रिगवर उन्हात उभ्या असलेल्या टाकीतले पाणी या आकड्याच्या आसपासही नसते, हे मात्र अहवाल वाचणाऱ्याने विसरू नये. तिथले खरे तापमान मागवून त्या पाण्याने एक वेगळी चाचणी करणे फायद्याचे.

यानंतर दाबाचा कन्सिस्टोमीटर. त्यातला स्लरीचा पेला मिनिटाला १५० फेऱ्या फिरतो, आतले पाते स्थिर धरलेले असते आणि पात्यावर येणारा ताण बेअर्डन एककांत, म्हणजे बीसीमध्ये, कागदावर उमटतो. भोवतीच्या तेलाने दाब दिला जातो. इथे नवख्याने लक्ष द्यावे ते तापमान आणि दाब चढवण्याच्या गतीकडे. सात इंची, फुटाला २९ पौंड वजनाच्या केसिंगमध्ये मीटरमागे सुमारे १९.४ लिटर जागा असते, ३,००० मीटरमध्ये ५८ घनमीटर. मिनिटाला एक घनमीटर या वेगाने स्लरीचे तोंड तळाशी पोचायला सुमारे एक तास लागेल. म्हणून चाचणीतही ३० वरून ९३ अंशांपर्यंत आणि आरंभीच्या दाबावरून ४६ मेगापास्कलपर्यंत एका तासात चढायला हवे. हे चढणे वीस मिनिटांत उरकले तर स्लरीला विनाकारण चाळीस मिनिटे जास्त उष्णता मिळते आणि थिकनिंग टाइम कमी दिसतो. मग त्यावर उपाय म्हणून जास्त रिटार्डर घातला जातो, आणि त्याची किंमत वरच्या थंड टोकाला चुकवावी लागते.

आलेख वाचताना शेवटचा आकडा तेवढा पाहू नका. बहुतेक ठिकाणी ७० बीसी ही पंपिंगची व्यावहारिक मर्यादा मानतात आणि १०० बीसीला चाचणी संपवतात. चांगली स्लरी बराच वेळ दहा-वीस बीसीवर सपाट चालते आणि मग काही मिनिटांत जवळजवळ काटकोनात वर जाते. जास्त तापमानात हे वळण अधिक तीक्ष्ण असते. मधेच पाऊण तासाला तीस-चाळीस बीसीचा उंचवटा येऊन पुन्हा उतरला, तर ते हायड्रेशन नव्हे, बहुधा जेल धरण्याची लक्षणे आहेत, आणि पंप थोडा वेळ थांबला तर तेवढ्यावरही काम अडकू शकते. थांबण्याची शक्यता असेल, जशी स्लरी आणि तिच्या मागचा द्रव वेगळे ठेवणारा प्लग सोडताना असतेच, तर चाचणीतही तेवढा वेळ मोटर बंद ठेवून पाहावे.

किती मुदत पुरे? मिसळणे, प्लग सोडणे आणि ढकलणे यांचा एकूण काळ काढून त्यावर एक ते दोन तासांची राखीव वेळ ठेवण्याची प्रथा आहे. आपल्या उदाहरणात काम सुमारे दोन तासांचे धरले तर तीन ते चार तास पुरेत. आठ तासांची मुदत मागणारा पर्यवेक्षक स्वतःची झोप सुरक्षित करतो, विहिरीची नव्हे.

पायरी सातवी: ११० अंशांची रेषा तपासा

आपल्या विहिरीचा बीएचसीटी ९३ आहे, म्हणून नवखा निःशंक राहतो. पण सिमेंट जन्मभर १३५ अंशांवर राहणार आहे. स्थिर तापमान सुमारे ११० अंशांच्या वर गेले की ताकद देणारा कॅल्शियम सिलिकेट हायड्रेट टिकत नाही. त्याचे रूपांतर अल्फा डायकॅल्शियम सिलिकेट हायड्रेट या जास्त चुन्याच्या आणि जास्त घनतेच्या स्फटिकात होते. तेवढेच द्रव्य कमी जागेत आवळले जाते, मधे पोकळ्या उरतात, ताकद घसरते आणि सिमेंटमधून वायू व पाणी झिरपण्याचा मार्ग मोकळा होतो. याला ताकदीची पीछेहाट म्हणता येईल.

उपाय जुना आणि स्वस्त आहे: सिमेंटच्या वजनाच्या ३५ ते ४० टक्के बारीक सिलिका पूड. चुना आणि सिलिका यांचे प्रमाण त्यामुळे एकास एकच्या जवळ येते, आणि त्या प्रमाणात टोबर्मोराइट हे चांगली ताकद देणारे खनिज तयार होते. सुमारे १५० अंशांच्या पुढे त्याची जागा झोनोटलाइट घेते, तेही कामाचे असते. कृष्णा-गोदावरी खोऱ्यातल्या अतिउष्ण, अतिदाबाच्या विहिरींसारख्या ठिकाणी, जिथे १५० अंश आणि ६९ मेगापास्कल या उंबरठ्यांच्या पलीकडचे काम असते, तिथे सिलिकेचे प्रमाण आणि दाणा दोन्ही चाचणीनेच ठरवावे, कारण २०० अंशांच्या वर नेहमीचे ३५ टक्के पुरतीलच असे नाही.

इथे दोन फसगती होतात. पहिली, पीछेहाट पहिल्या दिवशी दिसेलच असे नाही. सिलिकाविरहित नमुना १३५ अंशांवर सुरुवातीला उत्तम ताकद दाखवू शकतो आणि पुढच्या दिवसांत घसरतो, म्हणून चोवीस तासांच्या निकालावर सही करू नये, निदान आठवडाभर नमुना त्याच तापमानावर ठेवावा. दुसरी, लीड स्लरीचा तळ. आपल्या उदाहरणात ती २,४०० मीटरपर्यंत आहे आणि तिथले स्थिर तापमान ११४ अंश येते. टेलमध्ये सिलिका घातली आणि लीड मात्र नुसती ठेवली, तर तिचा खालचा भाग रेषेच्या पलीकडे जातो. याशिवाय वाफ सोडण्याच्या किंवा गरम तेल उत्पादनाच्या विहिरीत वरचा भागही पुढे तापू शकतो, तेव्हा आजच्या नव्हे, विहिरीच्या आयुष्यातल्या सर्वोच्च तापमानाचा विचार करावा.

पायरी आठवी: थंड टोक

खोल समुद्रातल्या विहिरींत प्रश्न उलटा असतो. १,५०० मीटर पाण्याखाली समुद्रतळाशी तापमान ४ अंशांच्या आसपास आणि पाण्याचाच दाब सुमारे १५ मेगापास्कल. तिथे हायड्रेशन इतके मंद असते की दाबाने वेग सुमारे १.२ पट झाला तरी त्याची मदत तीन अंशांएवढीच पडते. अशा ठिकाणी कॅल्शियम क्लोराइडसारखे वेगवर्धक किंवा बारीक दळलेले सिमेंट वापरतात. मीठही चालते, पण जपून: थोड्या प्रमाणात ते वेग वाढवते आणि जास्त झाले की उलट मंदावते. समुद्राच्या पाण्यात स्लरी मिसळणार असाल तर प्रयोगशाळेतही तेच पाणी वापरा, गोड्या पाण्यावरचा निकाल तिथे लागू होत नाही.

पायरी नववी: वाट किती वेळ पाहायची ते ठरवा

सिमेंट जागेवर बसल्यावर पुढची खोदाई सुरू करण्यापूर्वी साधारण ३.४५ मेगापास्कल, म्हणजे ५०० पीएसआय, ताकद आली पाहिजे असा सर्वत्र चालणारा निकष आहे. ही ताकद अल्ट्रासॉनिक ॲनालायझरने मोजतात. नमुना न फोडता ध्वनिलहरी त्यातून किती वेळात जातात यावरून यंत्र ताकदीचा अंदाज सतत नोंदवत राहते. दोन चाचण्या लावा: एक तळाच्या स्थिर तापमानावर आणि एक वरच्या टोकाच्या तापमानावर. आपल्या विहिरीत म्हणजे टेलसाठी १३५ आणि लीडसाठी ५१. दोन्ही नमुन्यांना आधी पंपिंगचा काळ ९३ अंशांपर्यंतचा द्यायला हवा, कारण वरच्या टोकाची स्लरीही तळाला जाऊनच आलेली असते. निर्णय बहुधा ५१ अंशांच्या आलेखावर अवलंबून राहतो. त्यावर चोवीस तासांनीही ताकदीची रेषा तळालाच चिकटलेली असेल तर लीडमधला रिटार्डर कमी करून सगळी फेरी पुन्हा करावी लागते, आणि ती पंपिंगनंतर नव्हे तर आधी करायची असते.

रिगवर मिसळलेल्या स्लरीचा पेला भरून ठेवण्याची पद्धत आहे आणि तो घट्ट झाला की खाली सिमेंट बसले असे मानणारे जुने हातही भेटतात. तो पेला डेकवरच्या हवेच्या तापमानात आणि वातावरणाच्या दाबात असतो, त्यामुळे १३५ अंश व ४६ मेगापास्कलवरच्या टेलबद्दल तो काही सांगू शकत नाही. ५१ अंशांवरच्या लीडबद्दलही फार तर एवढेच सांगतो की मिश्रणात सिमेंट आणि पाणी होते. नमुना जरूर घ्या, लीडचा वेगळा आणि टेलचा वेगळा. त्यावर वेळ, स्लरीची मोजलेली घनता आणि मिसळताना पाण्याचे तापमान लिहा, आणि त्याच वेळी कोरड्या मिश्रणाचे व मिसळण्याच्या पाण्याचेही एकेक डबे सीलबंद करून प्रयोगशाळेकडे पाठवा. काम बिघडले तर चाचणी पुन्हा लावण्यासाठी हेच डबे लागतात.